पडद्यावरच्या हिरव्या रंगावर सुरी चालवण्याआधी: कॅमेरे निवडणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी फ्लुओरेसन्स कॅमेरे निवडणाऱ्या रुग्णालयांच्या उपकरण-खरेदी समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

प्रात्यक्षिकाच्या व्हिडिओत एक दृश्य हमखास असतं. करड्या पार्श्वभूमीवर हिरवागार ठिपका उजळतो, सर्जनचं हत्यार तिथे जातं, ठिपका निघून येतो आणि मागे काळीभोर, स्वच्छ जागा उरते. दृश्य खरंच असतं. पण तो हिरवा रंग गाठीचा नाही आणि डायचाही, म्हणजे रुग्णाला दिलेल्या चमकणाऱ्या रंगद्रव्याचाही, नाही. इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी, हे असंच एक रंगद्रव्य; कॅमेऱ्याच्या दिव्याखाली ते शरीरात सुमारे ८३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतं (हाच फ्लुओरेसन्स) आणि माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. कॅमेऱ्याने टिपलेल्या उजेडाला सॉफ्टवेअर एक उंबरठा लावतं, त्याच्या वरच्या बिंदूंत हिरवा रंग भरतं आणि ते चित्र साध्या चित्रावर चढवतं. उंबरठा खाली आणला की ठिपका पसरतो, वर नेला की आक्रसतो. ‘कुठपर्यंत कापायचं’ याचं पडद्यावर दिसणारं उत्तर अशा रीतीने कारखान्यात कुणीतरी ठरवलेल्या एका आकड्यावर टेकलेलं असतं.

या कॅमेऱ्यांसोबत थिएटरात आणि प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही सर्जन, भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ तुम्हाला एकच विनंती करतो. तुमच्याच थिएटरात, तुमच्याच दिव्यांखाली, तुम्ही वापरणार त्याच डायबरोबर मोजून पाहिल्याशिवाय कोणताही कॅमेरा ताब्यात घेऊ नका. आणि खरेदीच्या आदेशात ते मोजमाप, डायच्या मात्रेचं व वेळेचं लेखी पत्रक आणि पॅथॉलॉजीशी जोडणी या तिन्ही गोष्टी कॅमेऱ्याइतक्याच बंधनकारक करा.

हे तंत्र कामाचं नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. डाय वापरून मेंदूची गाठ ओळखण्याचा प्रयत्न जॉर्ज मूर यांनी फ्लुओरेसीन घेऊन १९४८ मध्येच केला होता. सगळ्यात भक्कम पुरावा मात्र ५-एएलएचा, म्हणजे तोंडाने घेतल्यावर गाठीच्या पेशींना चमकवणाऱ्या औषधाचा, आहे. वॉल्टर स्टुमर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मेंदूतल्या घातक ग्लायोमा या गाठीच्या रुग्णांचे दोन गट होते. निळ्या प्रकाशात चमक पाहत केलेल्या शस्त्रक्रियांपैकी ६५ टक्क्यांत नंतरच्या एमआरआयवर कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ उरली नव्हती. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात हे प्रमाण ३६ टक्के होतं. सहा महिन्यांनी आजार न वाढलेले रुग्ण पहिल्या गटात ४१ टक्के, दुसऱ्यात २१.१ टक्के. एकूण आयुष्य वाढल्याचं त्या चाचणीत सिद्ध झालं नाही, आणि विक्रेत्याच्या स्लाइडवर हे वाक्य नसेल तर ते तुम्ही विचारायला हवं. तरीही हा फरक मोठा आहे. तो मिळाला कारण मात्रा, वेळ, प्रकाशाची तरंगलांबी आणि यशाची व्याख्या, सगळं आधी ठरलेलं होतं.

आता डायकडे वळतो. समितीच्या फाइलमध्ये सगळ्यात कमी पानं त्याच्या वाट्याला येतात आणि थिएटरात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आयसीजीची कुपी बहुधा २५ मिलिग्रॅमची असते. तिच्यात १० मिली निर्जंतुक पाणी घातलं की २.५ मिलिग्रॅम प्रति मिलीचं द्रावण होतं. पाणीच घालायचं, सलाईन नाही. क्षारामुळे डायचे रेणू एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि तसं द्रावण दिलं तर चमक कमी-जास्त होते. विरघळवलेली कुपी सहा तासांत वापरायची. सकाळी उघडलेली दुपारच्या केससाठी फ्रीजमध्ये ठेवणं चालत नाही. काही कुप्यांत सोडियम आयोडाइड असतं, म्हणून आयोडीनच्या ॲलर्जीची विचारणा आदल्या दिवशीच व्हावी. शिरेतून डाय गेल्यावर पल्स ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ खोटाच खाली येऊ शकतो. इंजेक्शन देण्याआधी भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगणं हा पत्रकातला स्वतंत्र टप्पा असायला हवा.

नव्या सर्जनना चक्रावणारी एक गोष्ट प्रशिक्षणात प्रत्यक्ष दाखवा. सिरिंजमधलं २.५ मिलिग्रॅमचं गर्द हिरवं द्रावण कॅमेऱ्याखाली धरलं तर ते जवळजवळ काळं दिसतं. दाट द्रावणात रेणू एकमेकांचाच प्रकाश गिळतात. त्यातला एक थेंब भरपूर पाण्यात सोडला की तेच पाणी झगझगतं. म्हणून हातमोज्याला लागलेला पुसट थेंब शरीरातल्या खऱ्या गाठीपेक्षा उजळ दिसू शकतो. इंजेक्शन देणाऱ्याने लगेच हातमोजे बदलायचे, डाग पडलेलं कापड आणि गॉझ काढून टाकायचं. एकदा डाय क्षेत्रात सांडला की पुसून जात नाही. पुसणं म्हणजे तो पसरवणं.

आयसीजी स्वतःहून कर्करोग ओळखत नाही, हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, यकृत ते उचलून पित्तात सोडतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण तीन-चार मिनिटांत अर्ध्यावर येतं. म्हणून त्याचा उपयोग कामागणिक वेगळा. गर्भाशयाच्या कर्करोगात सेंटिनल नोड (कर्करोग पसरताना सगळ्यात आधी जिथे पोचतो ती लसिकाग्रंथी) शोधताना १.२५ मिलिग्रॅम प्रति मिलीचं द्रावण, म्हणजे त्याच कुपीत २० मिली पाणी, गर्भाशयमुखात घड्याळाच्या ३ आणि ९ वाजण्याच्या जागी दिलं जातं: प्रत्येक जागी १ मिली वरवर आणि १ मिली खोल, अशी चार इंजेक्शनं. आतड्याच्या जोडाचा रक्तपुरवठा पाहताना शिरेतून काही मिलिग्रॅम दिले की साधारण मिनिटाभरात आतडं उजळतं. तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न आहे, गाठीचा नाही; एकाच कॅमेऱ्याने दोन्ही होतं म्हणून प्रात्यक्षिकात दोन्हींची सरमिसळ करू देऊ नका.

यकृतात गोष्ट उलटी होते. तिथे डाय शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी देतात, बहुधा यकृताच्या कार्यक्षमतेच्या चाचणीसाठी दिलेले किलोला ०.५ मिलिग्रॅम. २००९ मध्ये जपानमधल्या सर्जननी दाखवलं, की निरोगी यकृत तोवर डाय पित्तात सोडून मोकळं होतं, यकृताच्या स्वतःच्या गाठीत तो अडकून राहतो, आणि मोठ्या आतड्यातून आलेल्या गाठीभोवती चमकदार कडं दिसतं. हे कडं गाठीचं नसून तिने दाबलेल्या यकृताचं असतं. ज्याला हे ठाऊक नाही, तो कड्याच्या आतल्या काळ्या भागाला निरोगी समजेल. सिरॉसिस असलेल्या रुग्णाला डाय आदल्याच दिवशी दिला असेल तर सगळं यकृतच उजळलेलं दिसतं आणि त्यात काहीच उठून दिसत नाही. पुन्हा वाढणाऱ्या निरुपद्रवी गाठीसुद्धा कधीकधी चमकतात. आणि साधारण एक सेंटिमीटरपेक्षा खोल असलेली गाठ कितीही डाय धरून असली तरी बाहेरून दिसत नाही. तिच्यासाठी अल्ट्रासाउंडचा प्रोबच हवा.

५-एएलएचं गणित वेगळं. मात्रा किलोला २० मिलिग्रॅम, तोंडाने, भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी. दीड ग्रॅमची बाटली ५० मिली पाण्यात विरघळवली की मिलीला ३० मिलिग्रॅम होतात. ६० किलोच्या रुग्णाला १२०० मिलिग्रॅम, म्हणजे ४० मिली. उरलेले १० मिली टाकून द्यायचे, ‘संपवून टाका’ म्हणायचं नाही. हे औषध स्वतः चमकत नाही. पेशी त्याचं प्रोटोपॉर्फिरिन-९ बनवतात आणि तो रेणू सुमारे ४०५ नॅनोमीटरच्या जांभळट-निळ्या प्रकाशात लाल दिसतो. वॉर्डातून रुग्ण उशिरा आला, यादी पुढे-मागे झाली, तर ही वेळ हातची जाते. शस्त्रक्रिया १२ तासांहून जास्त लांबली तर ती दुसऱ्या दिवसावर किंवा त्याहून पुढे ढकलावी लागते. पॉर्फिरियाच्या, म्हणजे शरीरात पॉर्फिरिन साठण्याच्या आजाराच्या, रुग्णाला हे औषध द्यायचंच नाही. निदान २४ तास, काही देशांच्या सूचनांनुसार ४८ तास, रुग्णाला तीव्र प्रकाशापासून जपायचं, आणि प्रकाशाला संवेदनशील करणारी अँटिबायोटिक्स त्या काळात टाळायची. ही माहिती वॉर्डातल्या नर्सकडे, खिडकीचा पडदा जिच्या हातात आहे तिच्याकडे, कागदावर असायला हवी.

निळ्या प्रकाशाला रक्ताचं वावडं आहे. हिमोग्लोबिन नेमका ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं, त्यामुळे रक्ताचा पातळसा थर आला तरी खालची लाल चमक नाहीशी होते. न दिसलेली गाठ आणि रक्ताखाली झाकलेली गाठ पडद्यावर सारखीच दिसते. आधी रक्तस्राव थांबवा, सलाईनने धुवा, मग निळा दिवा लावा. शिवाय प्रोटोपॉर्फिरिन प्रकाशातच झिजतं. निळा दिवा सतत चालू ठेवला तर पृष्ठभाग फिका पडत जातो आणि सर्जनला वाटतं, गाठ संपली. आणि कमी दर्जाच्या ग्लायोमात बहुतेकदा चमक येतच नाही. चमक नाही म्हणजे गाठ नाही, हे वाक्य आम्हाला तुमच्या प्रत्येक प्रशिक्षण-पत्रकाच्या पहिल्या ओळीत पाहायचं आहे: ते खोटं आहे, अशा शेऱ्यासह.

नवे डाय गाठीला लक्ष्य करतात. फोलेट रिसेप्टर पकडणाऱ्या पाफोलासायनिनला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२१ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी आणि २०२२ मध्ये फुप्फुसासाठी मान्यता दिली. बीजांडकोशाच्या चाचणीत २६.९ टक्के रुग्णांत नेहमीच्या नजरेला आणि स्पर्शाला न सापडलेली निदान एक कर्करोगाची जागा सापडली. पण सुजलेल्या लसिकाग्रंथींतल्या पेशीही हा डाय उचलतात, आणि रुग्ण फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत असेल तर ते रिसेप्टर आधीच अडवून बसतं. म्हणून ४८ तास आधी त्या बंद. मात्रा किलोला ०.०२५ मिलिग्रॅम, तासभर हळूहळू. तासाभराचं इन्फ्युजन कोण पाहणार, कुठल्या खोलीत, हे ठरलेलं नसेल तर तो डाय कपाटातच राहतो. स्तनाच्या कर्करोगात गाठ काढल्यावरची पोकळी तपासण्यासाठी २०२४ मध्ये मान्य झालेल्या पेगुलिसिआनिनवर तर तीव्र ॲलर्जीचा ठळक इशाराच छापलेला आहे. तो देताना ॲनाफिलॅक्सिसची औषधं हाताशी असणं ही अटच आहे.

आता कॅमेरा. तोच नोड, तोच डाय, तीच मिनिटं, तरी आकडा बदलतो. दिव्याचं अंतर दुप्पट झालं की ऊतकावर पडणारा प्रकाश ढोबळमानाने चौथाई होतो. चित्राच्या कडांना प्रकाश मध्यापेक्षा कमी पोचतो, म्हणून कोपऱ्यातली गाठ फिकी दिसते. ऑटो-गेन (गेन, म्हणजे चित्राची उजळी किती वाढवायची, हे यंत्राने स्वतः ठरवणं) चालू असेल तर कॅमेरा अंधारलेलं चित्र आपोआप उजळवतो, आणि काहीच नसलेली जागा चमकू लागते. एका टोकाला यकृत किंवा इंजेक्शनची जागा फार उजळ असेल तर तोच ऑटो-गेन बाकीचं चित्र मारून टाकतो. दोन्ही चुकांचं मूळ एकच, आणि पडद्यावर गेनचा आकडा दिसत नसेल तर कुणालाच कळत नाही की यंत्राने तो बदलला. गेन आणि एक्स्पोजर हाताने लॉक करता येणं आणि ते आकडे प्रतिमेवर छापले जाणं, या अटींवर तडजोड करू नका. बाकीच्या कितीतरी सोयी सोडून दिल्या तरी चालेल.

थिएटरातले जुने हॅलोजनचे दिवे अवरक्त प्रकाशाने भरलेले असतात. एलईडीचा त्रास कमी, शून्य नाही. खिडकीतून येणारं ऊन हॅलोजनइतकंच वाईट. नेव्हिगेशन प्रणालीचे अवरक्त कॅमेरे शेजारी चालू असतील तर तेही झळकतात. आणि फिल्टर कमकुवत असेल तर दिव्याचा स्वतःचाच परावर्तित प्रकाश चमक म्हणून नोंदवला जातो. हे ओळखणं सोपं आहे: डायचा मागमूस नसलेला पांढरा गॉझ आणि चकचकीत स्टीलचं हत्यार कॅमेऱ्यासमोर धरा. हिरवं काही दिसलं तर करारावर सही करू नका.

मोजायचं कशावर? फँटमवर, म्हणजे ऊतकासारखाच प्रकाश विखुरणाऱ्या आणि शोषणाऱ्या घन नमुन्यावर. अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनच्या टास्क ग्रुप ३११ ने २०२४ मध्ये या प्रणालींच्या तपासणीचं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे. निविदेत त्याचा उल्लेख असावा. व्यवहारात आम्ही असं सुचवतो. काळ्या ठोकळ्यात आठ खळगे, त्यांत डायशी जुळणारा पदार्थ १, ३, १०, ३०, १००, ३०० आणि १००० नॅनोमोलर, आणि आठवा बिनडायचा. खोलीतले दिवे शस्त्रक्रियेच्या वेळी असतात तसेच ठेवा. अंतर डोळ्याने नको, ठरावीक लांबीची दांडी लावून ठरवा. गेन लॉक करा आणि कच्ची प्रतिमा साठवा. दाबलेला व्हिडिओ नको, त्यातले आकडे सॉफ्टवेअरने आधीच वाकवलेले असतात. बिनडायच्या खळग्याची सरासरी उजळी घ्या, तिच्यात तिथल्या चढउताराची, म्हणजे प्रमाण विचलनाची, तिप्पट मिळवा. त्याहून उजळ दिसणारा सगळ्यात फिका खळगा म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची खरी संवेदनशीलता. मग तोच एक खळगा मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत नेऊन पाहा. मग त्यावर १ ते ६ मिलिमीटर जाडीच्या चकत्या ठेवत जा. खोली वाढेल तसा ठिपका फिका तर होतोच, पण रुंदही होतो. पाच मिलिमीटर खाली दडलेली बारीक गाठ पडद्यावर मोठी आणि कडेला धूसर दिसते, आणि कड शोधायला बसलेल्या सर्जनसाठी हीच माहिती सगळ्यात मोलाची.

घरच्या घरी द्रव फँटम करायचा असेल तर आयसीजी नुसत्या पाण्यात घेऊ नका. प्रथिनाला चिकटल्यावर त्याचा रंगपट्टा सुमारे २५ नॅनोमीटरने सरकतो आणि उजळीही बदलते. त्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घाला, प्रकाश विखुरायला १ टक्का इंट्रालिपिड हे चरबीचं दुधाळ द्रावण घाला, आणि त्याच दिवशी काही तासांत वापरून टाकून द्या.

रामन स्पेक्ट्रोस्कोपी (विखुरलेल्या प्रकाशावरून ऊतकाची रासायनिक ओळख) आणि ओसीटी (प्रकाशाने ऊतकाच्या थरांचं चित्र) यांचे प्रस्तावही तुमच्याकडे येत असतील. डाय लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण ओसीटी एक-दोन मिलिमीटरच खोल पाहतो, आणि रामनचा हातातला प्रोब एका वेळी एक बिंदू मोजतो. अख्खी पोकळी तपासायची तर वेळ मोजून घ्या. आमच्या मते सध्या त्या संशोधनाच्या अंदाजपत्रकात शोभतात.

पॅथॉलॉजीबद्दल थोडं विस्ताराने. स्तनाच्या आक्रमक कर्करोगात मार्जिनचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेचा, निकष आहे: शाई लावलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी नकोत, नलिकेतच असलेल्या डीसीआयएससाठी २ मिलिमीटर. कुठलाही कॅमेरा हे २ मिलिमीटर स्वतः मोजत नाही. तो फक्त ‘इथे पाहा’ म्हणतो. म्हणून गाठ बाहेर आल्याबरोबर, फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी, तिच्या सहाही बाजूंच्या प्रतिमा त्याच अंतरावरून, त्याच गेनवर घ्या. दिशादर्शक टाके त्याआधी घातलेले हवेत. चमकलेल्या जागेला वेगळ्या रंगाची शाई लावा. ती शाई स्वतः चमकत नाही, हे आधी कॅमेऱ्याखाली पाहून घ्या, कारण काही मार्कर चमकतात. कॉटरीने (रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या हत्याराने) जळलेला काळा थर प्रकाश अडवतो, म्हणून तशा बाजूची नोंद ‘वाचता येत नाही’ अशी करा, ‘चमक नाही’ अशी नाही. पॅथॉलॉजिस्टच्या अहवालात चमकलेल्या आणि न चमकलेल्या जागांचे निकाल वेगवेगळ्या रकान्यांत यायला हवेत. दोन्ही रकाने भरले नाहीत तर तुमच्या रुग्णालयात या डायला किती जागा खोट्या सापडतात आणि किती खऱ्या सुटतात, हे वर्षभरानंतरही कुणी सांगू शकणार नाही.

यासाठी पॅथॉलॉजी विभागातल्या एकाचा वेळ लागतो. खरेदीच्या हिशेबात तो धरलेला नसतो, तो धरा.

आणि फँटम एक नव्हे, दोन घ्या. पहिल्याने दर आठवड्याच्या पहिल्या केसआधी पाच मिनिटांची तपासणी करा; आकडा स्वीकाराच्या दिवशीच्या नोंदीपेक्षा २० टक्क्यांनी खाली आला तर केस सुरू होण्याआधी प्रकाशाची केबल, भिंगावरचा जंतुनाशकाचा थर आणि दुर्बिणीच्या टोकावरचे ओरखडे पाहा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. दुसरा फँटम अंधाऱ्या, कोरड्या कपाटात बंद ठेवा आणि वर्षातून दोनदाच बाहेर काढा. दर आठवड्याला प्रकाशात येणारा फँटमही हळूहळू फिका पडतो, आणि तुलनेला दुसरा नसेल तर झीज कॅमेऱ्याची झाली की फँटमची, हे कळायला मार्ग राहत नाही.

आपले,
फ्लुओरेसन्सच्या मार्गदर्शनाने होणाऱ्या कर्करोग-शस्त्रक्रियांत काम करणारे सर्जन, भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ